ती ‘बरं’ म्हणाली

मी एक प्रबंध ऐकलेला आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तोही दोनदा. वाचलाय असं म्हणत नाही, कारण तो इंग्रजीत होता आणि माझी शाळा नववीच्या दिवाळीत संपली. पण ऐकलाय सगळा, पोळ्या लाटता लाटता.

प्रबंध नाचणीवर होता आणि लिहिणारी मुलगी इथिओपियाची. बेंगळुरात हेब्बाळच्या बाजूला मी ज्या घरात स्वयंपाक करते, त्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. घर काका-काकूंचं. काका सरकारी संशोधन खात्यातून निवृत्त झालेले. काकूंचं सगळं आयुष्य याच शहरात गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठी कन्नडमधलं ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे ठीक, घातल्याशिवाय शिजत नाही. माझा नवरा फरशी बसवायच्या कामाला बेंगळुरात आला, त्याच्यामागून मी आले, आणि काकूंनी आम्हाला मागच्या अंगणातली खोली राहायला दिली. त्या खोलीसाठी मी रोज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते. आणि रोज मला वाटतं, आज आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि खोली जाणार. बारा वर्षं झाली, खोली अजून आहे. पण बारा वर्षं काही झालं नाही म्हणून आज होणार नाही, असं थोडंच आहे.

मुलगी पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली तेव्हा मी विचारलं, “चाय लोगी?” ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं एकदम तोंडानं श्वास आत ओढला, पायाशी विंचू बघितल्यासारखा. मी खाली बघितलं. काही नव्हतं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तसाच श्वास. मी घाबरून हाक मारली, “काकू, हिला दमा आहे बहुतेक!” काकू ओवा शोधायला लागल्या. शेवटी मुलीनंच खुलासा केला, की तिच्याकडे ‘हो’ असंच म्हणतात, श्वास आत घेऊन. काकू म्हणाल्या, “सरी. मग ‘नाही’ म्हणायला काय करतात, शिंकतात?”

ती हिंदी बोलायची ती हॉस्टेलात शिकलेली, मी बोलते ती बाजारात शिकलेली. मध्ये कन्नडचा टेकू. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळायचं नाही, म्हणून बहुतेक मराठीतच सांगते. पण एक तिचं वाक्य तसंच ठेवायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “अक्का, आपकी शिक्षा कितनी हुई?”

मला वाटलं, शाळेत छड्या खाल्ल्या ते हिला कसं कळलं?

“नौ साल,” मी म्हटलं. “फिर छूट गई.”

तिला हे बोलणं सरळच वाटलं आणि मलाही. पुढे काकूंनी दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं, की हिंदीतली शिक्षा म्हणजे शाळा आणि मराठीतली शिक्षा म्हणजे तुरुंग. ते ऐकून मुलगी हसत हसत जमिनीवर बसली. म्हणाली, “मग माझ्यासाठी मराठीच बरोबर आहे. पाच वर्षं झाली, सुटका नाही.”

सुटका का नव्हती, ते सांगते. तिचा प्रबंध परत आला होता. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला होता: विषय चांगला, काम चांगलं, भाषा नीट नाही, तीन महिन्यांत सुधारून द्यावा. तिच्या गावच्या कॉलेजात तिची शिकवायची नोकरी राखून ठेवलेली होती, ती पदवी घेऊन परतली तर. मुदतीनंतर महिन्याभरात इथं राहायचा परवानाही संपत होता. म्हणजे भाषा नीट झाली तर पदवी आणि नोकरी. नाही झाली तर विमानाचं तिकीट आणि पाच वर्षांची शिक्षा, मराठीतली.

सगळ्यात आधी काका मदतीला धावले. त्यांचं म्हणणं, इंग्रजी सगळी ‘द’ वर उभी असते. त्यांनी लाल पेन घेऊन पानापानावर ‘द’ पेरले. दाट पेरणी झाली. ती पानं घेऊन मुलगी तिच्या सरांकडे गेली, तर सरांनी अर्धे ‘द’ उपटून टाकले. काकांनी ते पाहिलं आणि लाल पेनाला टोपण लावलं. “मी चाळीस वर्षं इंग्रजीत टिपणं लिहिली आहेत,” एवढंच एकदा म्हणाले, तेही आमटीला उद्देशून. कन्नड घरातले सर आणि मराठी घरातले काका इथिओपियाच्या मुलीच्या कागदांवर इंग्रजीसाठी भांडत होते, आणि निवाडा करायला तिघांच्यात इंग्रज एकही नव्हता.

मग सरांनी तिला एक उपाय सांगितला. ज्याला या विषयातलं काही म्हणता काही कळत नाही अशा माणसाला प्रबंध मोठ्यानं वाचून दाखव. तो जिथे अडखळेल तिथे तुझं वाक्य चुकलंय.

ती जिना उतरून सरळ माझ्याकडे आली. एवढी अचूक निवड काकांनाही जमली नसती.

रोज दुपारी, काका-काकू आडवे झाले की ती ओट्याशी उभं राहून वाचायची. मी कणीक मळायची, भाजी निवडायची, नाचणीची आंबील ढवळायची. मला कळायचं ते एवढंच: ‘मिलेट’, ‘फार्मर’, ‘विमेन’ आणि ‘हाउएव्हर’. हा ‘हाउएव्हर’ आला की तिचा आवाज खाली जायचा, म्हणून मला तो शब्द फारसा आवडायचा नाही. सुरुवातीला मी आपली मान हलवायची, माणूस समोर बोलतंय म्हणून. ती लगेच पेन्सिलनं बरोबरची खूण करायची. माझ्या मानेवर हिची पदवी! दुसऱ्या दिवसापासून मी मान हलवायची बंद केली. मान हलत नाही म्हटल्यावर ती वाक्य मोडायची, लहान करायची, पुन्हा वाचायची. तरी मान हलेना, मग आणखी लहान. असं करत करत तिचं दुसरं प्रकरण निम्म्यावर आलं आणि सरांनी त्यावर लिहिलं, ‘आता स्वच्छ झालं.’ ती मला मिठी मारायला आली. माझे हात पिठात होते. मी काही केलं नाही हे मी तिला खूपदा सांगितलं, पण तिला तो माझा नम्रपणा वाटला.

आणि मग चौथं प्रकरण आलं.

नाचणीचं एक नवं सुधारित बियाणं निघालं होतं. ते बायकांना पटलंय का, हे विचारायला ती तीन भागांतल्या गावांतून फिरली होती. दोन भाग कन्नड बोलणारे, तिसरा आमच्या बाजूचा, आजऱ्याच्या पुढचा डोंगराळ. माझं माहेर तिथून एका डोंगरापलीकडे. प्रश्न तिथल्याच एका मास्तरांनी तिच्यावतीनं विचारले होते, उत्तरं तिनं फोनवर भरून आणली होती. मराठी उत्तरांचं इंग्रजी काकूंच्या भाच्यानं करून दिलं होतं. भाचा पुण्याचा, इथल्या मारतहळ्ळीत राहतो, कंप्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी येऊन, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खात त्यानं हे काम केलं. काकूंना त्याचं फार कौतुक. सगळ्या चौथ्या प्रकरणाचं सार एका ओळीत होतं: डोंगराळ भागातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी नवं बियाणं स्वीकारलं.

“आज तुला तुझी भाषा ऐकवते,” मुलगी म्हणाली. माझे कान इंग्रजीनं थकले असतील, म्हणून बक्षीस. तिनं फोन ओट्यावर ठेवला.

मास्तरांचा आवाज: “नवीन बियाणं कसं वाटलं?”

एक बाई: “बरं हाय की.”

“पुढच्या वर्षी लावणार?”

“बरं.” आणि लगेच, “च्या टाकू?”

मी लाटणं खाली ठेवलं. तो आवाज मी ओळखत नव्हते, पण ते ‘बरं’ ओळखत होते. आमच्याकडे दारात साहेब आला, पुढारी आला, जावयाचा भाऊ आला, की बायका हेच ‘बरं’ काढतात. ‘बरं’ म्हणायचं, चहा टाकायचा आणि तो कधी उठतो याची वाट बघायची. पुढची बाई तशीच. त्याच्या पुढचीही. एक तर म्हणाली, “सायबानी दिलंय म्हंजे बरंच असनार.” आणि फोन बंद करायचा राहिला होता तिथे, मास्तरांची पाठ वळल्यावर, तीच बाई शेजारणीला म्हणत होती, “काड बघितलीस किती आखूड हाय त्याची? म्हशीला काय घालू, कागूद?”

मुलीनं फोन बंद केला. “छान आहे ना तुझी भाषा? सगळ्यांना बियाणं आवडलं.”

“ते शेवटचं बोलणं कुठं लिहिलंय?” मी विचारलं.

तिनं भाच्याचा कागद बघितला. “इथं ‘इतर गप्पा’ असं लिहिलंय.”

मी पुढची पोळी लाटायला घेतली. ती नकाशासारखी झाली.

दोन दिवस मी फक्त पोळ्या लाटल्या. सांगावं, तर हिचं प्रकरण कोसळणार, आणि तीन महिन्यांतला एक संपत आलेला. शिवाय भाच्याची चूक काढायची म्हणजे काकूंच्या कौतुकावर पाणी ओतायचं, आणि काकूंच्या अंगणात माझी खोली. बरं, मी सांगणारी कोण? तो इंजिनियर. आणि न सांगावं, तर काय होणार? पदवी मिळणार, पोरगी घरी जाणार, सगळे खूश. बायकांच्या म्हशींचं काय ते म्हशी बघतील.

पण एक गोष्ट आठवत राहिली. नववीच्या दिवाळीत वडील दारात चपला घालत होते. पाठमोरेच म्हणाले, “आईचं दुखणं हाय. पोरांचं कोन बघनार? आता शाळा बास, बरं का.”

मी म्हटलं, “बरं.”

एवढंच. पुढे कितीतरी वर्षं वडील पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या पोरीला शिकायचंच नव्हतं. मी विचारलं. ती ‘बरं’ म्हणाली.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी विचारलं होतं आणि मी ‘बरं’ म्हटलं होतं. तिथे कुणी फोन ठेवला असता, तर त्यांचंच म्हणणं खरं निघालं असतं.

तिसऱ्या दिवशी ती वाचायला आली तेव्हा मी म्हटलं, “ते बायांचं जे ‘बरं’ आहे ना, ते ‘हो’ नाही.”

“मग ‘नाही’ आहे?”

“‘नाही’ पण नाही.”

“मग काय आहे, अक्का?”

मी म्हटलं, “तुझ्याकडे ‘हो’ म्हणताना श्वास आत घेतात ना? या ‘बरं’मध्ये तो बाहेर टाकलाय. ऐक पुन्हा.”

तिनं पुन्हा ऐकलं. एकदा, दोनदा. मग स्टुलावर बसली आणि रागानं बोलली. रागावली की ती हिंदी विसरायची, त्यामुळे ती काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. एकदाच हिंदीत म्हणाली, “अब बोलती हो?” मी पाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, माझंच चुकलं असेल, मी अडाणी, तू त्या दादालाच विचार.

रविवारी दादा आला. काकू सोफ्यावर, काका आरामखुर्चीत, भाचा खिचडीची बशी घेऊन, मुलगी फोन घेऊन, आणि मी दारात, एक पाय स्वयंपाकघरात ठेवून.

“अगं, बरं मीन्स गुड यार,” भाचा म्हणाला. “बरं वाटतंय, फीलिंग गुड. सिंपल आहे.”

“आमच्याकडे तसं नसतं, दादा,” मी म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून घाबरले.

“तुमच्याकडे म्हणजे? मराठी एकच आहे ना, मावशी?” तो काकूंकडे वळला.

“शिकलेला मुलगा सांगतोय,” काकू मला म्हणाल्या. “सरी, तू स्वल्प ताक आण सगळ्यांना.”

मी ताक आणायला वळले. तेवढ्यात काका खुर्चीतूनच म्हणाले, “अगं, मी आज संध्याकाळी ऑफिसातल्या जुन्या मंडळींना जेवायला बोलावलंय. आठ जण असतील.”

काकू म्हणाल्या, “बरं.”

भाच्याचा चमचा तोंडाशी थांबला. मुलगी काकूंच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षक बघतात तशी. मग तिनं काकांना विचारलं, “अंकल, हे गुड आहे?”

“अर्थात,” काका म्हणाले. “बरं म्हणाली ना.”

“विचारा तरी,” काकू म्हणाल्या, “‘बरं’ म्हणजे काय ते. चाळीस वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं.”

ताक मी जरा उशिराच नेलं. त्या संध्याकाळी आठ जण जेवले, स्वयंपाक मीच केला, पण काकांनी ताटं स्वतः मांडली. खोलीचं कुणी काही बोललं नाही. भाचा जाताना ओट्याशी आला आणि म्हणाला, “ताई, सॉरी हां. ते ‘इतर गप्पा’ मी परत करून देतो.” त्यानं दिलंही करून. काड म्हणजे गुरांना घालायचा पेंढा, कौल म्हणजे छपरावरचं, हे सगळं फोन करून मला विचारत. ‘नव्या नाचण्याच्या भाकरीचं सांजच्याला कौल होतंय’ या एका वाक्यानं त्याचा एक अख्खा शनिवार खाल्ला.

मुलीनं चौथं प्रकरण फाडलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. सर आधी ओरडले. तीन महिने भाषा सुधारायला दिले होते, निष्कर्ष बदलायला नव्हे, असं म्हणाले. मग तिनं त्यांना फोनवरचं ऐकवलं आणि ते कन्नडमध्ये स्वतःशीच म्हणाले, की आमच्या घरी पण एक असाच शब्द आहे. आम्ही दोघींनी सगळी उत्तरं पुन्हा ऐकली. ती विचारायची, “अंदर का, या बाहर का?” मी सांगायची, आतलं की बाहेरचं. आतलं ‘बरं’ फार थोडं निघालं. जिथे मलाच नक्की सांगता आलं नाही, तिथे तिनं तसंच लिहिलं, की नक्की सांगता येत नाही. असं लिहायला प्रबंधात परवानगी असते हे मला तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तर भूगोलाचे पेपर मला जरा सोपे गेले असते.

प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधी गेला. तोंडी परीक्षेच्या सकाळी तिनं माझ्याकडून आंबील मागून घेतली आणि अर्धी ठेवली. मी दिवसभर एकही पोळी धड केली नाही. दुपारी ती जिना न चढता सरळ मागच्या अंगणात आली, आमच्या खोलीसमोर उभी राहिली आणि मी काही विचारायच्या आत तिनं श्वास आत ओढला. एवढा लांब, की मला पुन्हा दम्याची शंका आली.

परीक्षकांनी लिहिलं होतं: चौथं प्रकरण या प्रबंधाचा कणा आहे. भाषेकडे अजून लक्ष द्यायला हवं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला बांधून आलेली एक प्रत दिली. आभाराचं पान उघडून दाखवलं. खाली एक ओळ होती, ती तिनं वाचून समजावली: ज्या स्वयंपाकघरात मला एका शब्दाचा अर्थ कळला त्या स्वयंपाकघराचे आभार. आणि पुढे तो शब्द, सगळ्या प्रबंधातला एकुलता एक देवनागरी शब्द, तिनं स्वतः टाइप केलेला: ‘बर’.

वरचं टिंब नव्हतं.

प्रती बांधून झाल्या होत्या, विद्यापीठात जाऊन पोचल्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती. “ठीक है ना, अक्का?”

“बरं आहे,” मी म्हटलं.

ती एकदम सावध झाली. “कौन सा?”

मग सांगावंच लागलं. तिनं कपाळावर हात मारला, स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. मी नको नको म्हणत होते. तिनं पान माझ्यापुढे धरून ठेवलं. मी टिंब दिलं. ते जरा मोठं झालं, पण दिसतं.

काकू बघायला आल्या, त्यांच्यामागून काका आले. काकांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “या शब्दाच्या आधी एक ‘द’ पाहिजे होता.”

काकू म्हणाल्या, “बरं.”